मानाचा पहिला बुरूज

एका राज्यात बुरूज होते चार आणि पूल तीन. त्यात राजाचे लग्न निघाले. थाट कमी पडू नये म्हणून आणखी दोन पूल बांधले, आणि सरळ वाटांची वर्तुळे झाली.

निरोप मैना नेत. मांत्रिक उन्मत्तनाथाचा त्यांना वर होता. मैना बुरुजावर उतरली, की आलेला पूल सोडून जितके पूल, तितक्या मैना होऊन पुढे उडे. निरोप मरत नसे.

नव्या राणीने, कुमुदिनीने, पहिला निरोप धाडला, “जेवायला या.” मैना फिरत राहिल्या, वाढत राहिल्या. सांजेला आभाळ काळे झाले.

“आमच्याकडे असं कधी झालं नव्हतं!” राजमाता मैनांच्या कलकलाटावर आवाज चढवून ओरडल्या. “पौर्णिमेला आभाळ मोकळं नसेल, तर सूनबाई, तुम्ही माहेरी!”

पूल कुणी बांधले, आणि पांढऱ्या पायाची कोण! पण नवी नवरी. कुमुदिनीने ते मनातच ठेवले. ती मांत्रिकाच्या विहिरीवर गेली.

“नाथजी, शाप काढा.”

“शाप? वर आहे तो, बाई!” मांत्रिक पाण्यावर मांडी घालून बसला होता. “तीन कामं कर. एक बुरूज मूळ ठरव. बाकीच्यांनी मुळाकडची जवळची एकच वाट धरावी. उरलेल्या वाटांना दारं लाव. पूल पाडू नकोस.”

“मूळ कसं ठरवू?”

“प्रत्येकाने शेजाऱ्याला आपला मान आणि वय सांगावं. आपल्याहून थोर ऐकू आला, की स्वतःचं थांबवून त्याचं नाव घ्यावं.”

किल्लेदार जमले. मूळ कोण?

“मीच! त्यात विचारायचं काय?” चौघेही म्हणाले.

पुकारा सुरू झाला. एकेक ‘मीच’ गळत गेला आणि सगळीकडून एकच नाव घुमू लागले: नागबुरूज. तो राज्याच्या पार कोपऱ्यात, वयाने सगळ्यांत थोर, भेगाळलेला. त्याचा किल्लेदार पुकारा करून झोपला होता.

“काका, तुम्ही मूळ झालात.”

“बरं. पांघरूण द्या.”

कुमुदिनीने कपाळाला हात लावला. “मान कुणाचा कितवा?”

“सगळेच मानाचे तिसरे,” शंखबुरुजाचा किल्लेदार म्हणाला. “थोरल्या महाराजांनी दिला. कुणी रुसू नये म्हणून.”

“म्हणून वयच पाहिलंत?”

“दुसरं काय पाहणार, राणीसाहेब?”

तिने करंडा उघडला. मधोमध असलेल्या मोरबुरुजाच्या दारावर कुंकवाने लिहिले: मानाचा पहिला.

“हे घराण्याला शोभतं का?” शंखबुरुजाचा किल्लेदार फुगला.

“रुसायचं ते नंतर रुसा. आधी पुकारा.”

पुन्हा पुकारा झाला. या खेपेला मोरबुरूज मूळ ठरला. प्रत्येकाने त्याच्याकडची जवळची वाट धरली. उरल्या दोन वाटांची दारे लागली.

“पाडून टाका ते पूल!” राजमाता म्हणाल्या.

“असू देत, आईसाहेब. एखादा ढासळला, की दार उघडू.”

मैना बंद दारांशी आल्या. पुढे वाट नाही. एकेकीचे पीस होऊन खाली पडले. आभाळ निळे झाले. शेवटची मैना, घसा बसलेली, राजमातांच्या खिडकीत उतरली.

“जेवायला या,” ती म्हणाली. एकदाच.

किती दिवसांनी शांतता झाली होती.

“सूनबाई,” राजमातांनी हळूच विचारले, “कुणाला बोलावलं होतंस गं?”

“तुम्हालाच, आईसाहेब.”

पौर्णिमा आली, मेणा काही निघाला नाही. राजमाता मात्र निरोप पोचला त्याच दिवशी जेवायला आल्या होत्या. भात तेवढा नव्याने टाकावा लागला.