पाळण्याची आस

निंबसावळी गावी रंभाजी पांचाळ नावाचा लोहार राहत असे. जत्रेतल्या आकाशपाळण्याची पोलादी आस, म्हणजे पाळणा ज्यावर फिरतो तो मधला दांडा, तोच घडवी. नव्या आसेवर पाळणा चढला, की पहिली फेरी घडवणाऱ्याच्या घरच्यांनी घ्यायची, असा तिथला रिवाज होता.

यंदाची आस निवताना वाकली. ती पुन्हा तापवायला हवी होती. पण जत्रा तोंडावर आलेली. रंभाजीने ती थंडच दाबून सरळ केली, घासून चकचकीत केली आणि कुणाला काही सांगितले नाही. आस सुतासारखी सरळ दिसत होती. रंभाजी मात्र तेव्हापासून कडी वाजली तरी दचके.

जत्रा कमिटीने तपासणीसाठी शहरातून नाझनीनबाईंना बोलावले. त्यांनी क्ष-किरणांचे यंत्र मांडले.

"लोखंडाचा फोटो काढताय, मॅडम? टीबी-बिबी झालाय का त्याला?" रंभाजी हसला.

"फोटो नाही, मामा. पोलादातल्या कणांच्या थरांवरून किरण परततात. थर ताणलेले असले, तर ते कोन बदलून येतात. हा डिटेक्टर ते पकडतो. पण एका वेळी नखाएवढीच जागा बघतो. कुठं ठोकलं-वाकवलं असेल, तर तेवढं सांगा."

रंभाजीने आसेच्या टोकाकडे बोट दाखवले. तिथे सारे ठीक निघाले.

पाळणा चढला. रंभाजीची बायको सकवार नवे लुगडे नेसून, लेकीला घेऊन पाळण्यात बसली.

"अहो, भूत बघितल्यावानी काय उभे राहिलात? ढकला की!"

लोकांनी पाळणा हलवला. आस करकरली. वंगण कमी पडले असेल. नव्या आसेचे असे होतेच. पण रंभाजीने मान वर केली. लेक वरून हात हलवत होती.

"थांबवा! सकवार, उतर खाली!"

साऱ्या गावासमोर त्याने आसेच्या मध्यावर बोट ठेवले. "मॅडम, इथं बघा. इथं वाकली होती. मी थंडच दाबलीय."

आस उतरवून बाईंनी तिथे डिटेक्टर धरला. त्यांचा चेहरा उतरला. "मामा, ही आतून नुसता ताण धरून बसलीय."

ती पुन्हा कुणी वापरू नये म्हणून रंभाजीने स्वतःच करवत लावली. पाते जेमतेम अर्ध्यावर गेले, तोच खाडकन आवाज झाला आणि उरलेली आस आपोआप दुभंगली.

सकवारने लेकीला पोटाशी घट्ट धरले. त्या वर्षी पाळणा फिरला नाही.

तात्पर्य: दोष कुठे आहे हे ज्याला ठाऊक, त्यानेच त्यावर बोट ठेवावे. सांगितला तर मान जातो. न सांगितला तर माणसे जातात.