उरलेली वीत

एका गावात एक मास्तर होते. दिगंबर मास्तर त्यांचं नाव. शाळा सुटली की ते गावातल्या मुलींना बास्केटबॉल शिकवायचे. आता तुम्ही म्हणाल, खेड्यात कसला आलाय बास्केटबॉल! गावही तेच म्हणायचं. पण मास्तर पडले हट्टी. त्यांनी तेलाच्या पिंपाचं लोखंडी कडं काढून घेतलं, विहिरीवरचा जुना पाइप आपल्या घरासमोरच्या मैदानात रोवला आणि पाइपाला वरपर्यंत भोकं पाडून घेतली. दर दोन भोकांमध्ये एक वीत अंतर.

मास्तरांची शिकवायची रीतच न्यारी होती. नव्या मुली आल्या की कडं अगदी खालच्या भोकात बसवायचं. मग दर दसऱ्याला शिडी लावून ते एक वीत वर घ्यायचं. सगळ्यांत वरच्या भोकात गेलं की सामन्यातली खरी उंची.

"पोर वाढेल तसं कडं वाढलं पाहिजे," मास्तर म्हणायचे. "पहिल्याच दिवशी आभाळाला टांगलं, तर पोर रडत घरी जाईल."

पण वरच्या भोकापर्यंत एकही तुकडी पोचली नव्हती. मध्येच कुणाचं लग्न ठरायचं, कुणाला धाकटी भावंडं सांभाळायला घरी बसवायचे. मग मास्तर मुकाट्याने कडं खाली घ्यायचे आणि पुन्हा श्रीगणेशा करायचे. पारावरची माणसं टिंगल करायची, "काय मास्तर, कडं चढतंय, पण जिल्ह्याच्या सामन्यांची ढाल काही घरी येत नाही!" मास्तर हसून पुढे जायचे. आत मात्र ते बोलणं लागायचं.

आणि मग आल्या शेवंता आणि सलमा. शेवंता शिंप्याची, सलमा तांबोळ्यांची. काय पोरी होत्या! एकीने मान वळवायच्या आधी दुसरीचे हात चेंडूला तयार असायचे. खेळताना अडल्या की दोघी मास्तरांकडे बघायच्या. मास्तर नुसती मान हलवायचे, की लगेच वाट सापडायची. कडं वर वर गेलं. आता वरचं एकच भोक उरलं होतं. एकच वीत राहिली होती.

त्याच सुमाराला मास्तरांच्या छातीत कळा येऊ लागल्या. डॉक्टरांनी धावपळ बंद करायला सांगितलं. मास्तर रात्रंदिवस एकच विचार करायला लागले. ढाल एकदा आपल्या शाळेच्या भिंतीवर बघायची, मग काय व्हायचं ते होवो.

एके दिवशी शेजारच्या राजेपेठेचे आबासाहेब जीपमधून आले. त्यांच्या क्रीडामंडळाची रोहिणीताई म्हणजे जिल्ह्यातली नावाजलेली खेळाडू. तिशी उलटली होती, तरी तिचा खेळ बघायला माणसं पायपीट करून यायची.

"मास्तर, आमची रोहिणीताई तुम्हाला देतो," आबासाहेब म्हणाले. "यंदाची ढाल तुमची समजा. बदल्यात तुमच्या त्या दोन पोरी द्या. बोर्डिंगात ठेवू, शिकवू, काही कमी पडू देणार नाही."

मंडळांमध्ये अशी अदलाबदल चालायची. एकदा गेलेली खेळाडू मात्र कायमची त्या मंडळाची व्हायची. मास्तरांना हे पक्कं ठाऊक होतं.

"एवढी मोठी खेळाडू तुम्ही का देताय?" त्यांनी विचारलं.

आबासाहेब आडपडदा न ठेवता म्हणाले, "आम्हाला पुढची दहा वर्षं बघायचीत, मास्तर."

मास्तरांना कळायचं ते कळलं. माझ्या हातात दहा वर्षं कुठली, असं त्यांच्या मनात आलं. आणि त्यांनी होकार दिला.

घरी त्यांच्या बायकोने, गोदाकाकूंनी, कपाळाला हात लावला. "अहो, एवढी वर्षं एकेक वीत मोजलीत. आता शेवटच्या वितीला धीर सुटला होय तुमचा?"

"तुला नाही कळायचं," मास्तर म्हणाले. काकूंना सगळं कळत होतं.

मास्तर दोन्ही घरी गेले. शेवंताच्या बापाने मशीन थांबवलं आणि हात जोडले. "मास्तर, पोर तुमच्याच हवाली केलीय. तुम्ही म्हणाल ती पूर्व दिशा." सलमाची आई म्हणाली, "तुम्ही तिचं वाईट थोडंच कराल?" निदान तेव्हा तरी मास्तरांनी माघार घ्यायची! पण नाही. ते मान खाली घालून घरी आले.

निघायच्या दिवशी काकूंनी दोघींच्या हातावर दही ठेवलं. सलमा डोळे पुसत होती. शेवंता मास्तरांच्या पाया पडली. रोज संध्याकाळी मैदानावरून घरी जाताना म्हणायची, तसंच तिने म्हटलं, "येते, मास्तर." मग ती थबकली. "आपली उरलेली वीत?"

"पुढच्या दसऱ्याला तुम्ही दोघी आलात की चढवू," मास्तर म्हणाले.

अरेरे! पोरीने खरं मानलं. हसत हसत जीपमध्ये बसली.

रोहिणीताई आली. बाई गुणाची होती. गुडघा सुजलेला असायचा, त्याला हळद-तेल चोळून फडकं बांधायची आणि उभी राहायची. ती खेळत होती आणि मास्तरांचा संघ जिंकत होता. अखेरचा सामना राजेपेठेशीच पडला. पलीकडून शेवंता आणि सलमा खेळायला उतरल्या.

सामन्याच्या मैदानावरचं कडं खऱ्या उंचीवर होतं. दोघी पोरींचे चेंडू काठाला लागून परत येत होते. तशात शेवंता मास्तरांच्या संघातल्या दोघींच्या मध्ये अडकली. कुठे जावं कळेना. जुन्या सवयीने तिने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर आता समोरच्या संघाचे होते. त्यांनी नजर जमिनीकडे वळवली. रोहिणीताईने तिच्या हातातून चेंडू काढून घेतला.

ढाल मिळाली. गुलाल उधळला, हलगी वाजली, पारावरच्या माणसांनी मास्तरांना खांद्यावर घेतलं. ज्या दिवसासाठी जीव टांगणीला लागला होता तो दिवस आला, आणि मास्तरांना एक घास गोड लागला नाही.

मिरवणूक संपल्यावर रोहिणीताईने ढाल त्यांच्या हातात दिली. "मास्तर, माझा गुडघा संपला. पुढच्या वर्षी माझा भरवसा धरू नका." जाता जाता ती म्हणाली, "मलाही माझ्या पहिल्या मास्तरांनी अशीच देऊन टाकली होती. का दिली, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. विचारायचा धीरच झाला नाही."

ढाल फिरती होती. वर्ष सरलं तसं ती परत करावी लागली. रोहिणीताईने खेळ सोडला होता. भिंतीवर नुसता खिळा राहिला.

दसरा आला. राजेपेठेने पोरींना सोडलं नाही. संघातल्या बाकीच्या पोरी एव्हाना पांगल्या होत्या, म्हणून मास्तर नव्या मुली जमवायला घरोघर फिरले. एका बाईने दारातच विचारलं, "शिकवाल हो तुम्ही. पण मोठी झाली की कुणाला द्याल?" मास्तर पुढच्या दाराकडे वळले. शेवंताच्या बापाने आदराने चहा दिला, पण मशीन काही थांबवलं नाही.

त्यानंतर मैदानावर एकही मुलगी आली नाही. कडं होतं त्या भोकात तसंच गंजत राहिलं. खाली घ्यावं तर कुणासाठी? वर चढवावं तर कुणासाठी? डॉक्टरांचा धाक खोटा ठरला. मास्तर चांगले जगले. जी दहा वर्षं आपल्याजवळ नाहीत असं ते समजत होते, ती त्यांनी त्या रिकाम्या मैदानासमोर बसून काढली.

मग एका दसऱ्याला शेवंता आली. चांगली उंचपुरी झाली होती. सलमाही तिच्याच संघात खेळत होती आणि ढाल आता राजेपेठेहून कुठे हलत नव्हती. शेवंताने आपट्याचं सोनं मास्तरांच्या हातात ठेवलं. मग ती पाइपाजवळ गेली, हलकी उडी मारून तिने कड्याला हात लावला. गंजाची पूड तिच्या केसांवर पडली.

"अजून इथेच आहे?" तिने विचारलं.

"तुमच्यासाठी ठेवलं होतं गं."

शेवंताने पाइपावरच्या रिकाम्या भोकांवरून बोट फिरवलं. "तिकडे पहिल्याच दिवशी मोठ्या कड्याखाली उभं केलं आम्हाला. चेंडू पोचायचा नाही. सगळ्या हसायच्या. मी सलमाला सांगायची, रडू नको, मास्तर येतील आणि एक वीत खाली घेतील."

मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "चुकलो, पोरी. मला ढाल दिसली, तुम्ही दिसल्या नाहीत."

तिला राग नव्हता. राग असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं. तिने वाकून नमस्कार केला, पदराने केसांवरचा गंज झटकला.

"जाते, मास्तर," ती म्हणाली.

दारात दह्याची वाटी घेऊन उभ्या असलेल्या काकूंनी 'येते म्हणावं गं' असं सांगायला तोंड उघडलं. पण मग वाटी तशीच उंबऱ्यावर ठेवून दिली. शेवंता फाटकातून बाहेर पडली. मास्तर हातातलं सोनं घट्ट धरून तिथेच उभे राहिले.

तात्पर्य: स्वतःच्या घाईपायी जो वाढती पोरं देऊन तयार यश घेतो, त्याच्याकडे ते यश चार दिवस राहतं, पण विश्वासाने त्याच्या हवाली केलेलं मूल एकदा गेलं, की पुन्हा त्याचं होत नाही.