मुंग्यांच्या बिया आणि कोल्ह्याचा कारभार

एका जंगलात, टेकडीच्या उतारावर, एक म्हातारी मुंगी आपल्या गोतावळ्यासह राहत असे. घरं दोन, एक वर आणि एक खाली, आणि दोन्हींच्या मध्ये मातीची पातळ भिंत. भिंतीला बारीक भोकं होती. त्यांतून मुंगी जाई, पण तिच्याजवळची रिठ्याची बी जात नसे. म्हणून मुंग्या भिंतीतून खाली उतरत आणि त्यांच्या बिया बाहेरच्या पन्हळीतून गडगडत खालच्या घरी पोचत. वाटेत त्या रहाटावर आपटत, रहाट फिरे आणि झऱ्याचं पाणी सगळ्या जनावरांच्या डोणीत पडे. वरच्या बिया सरत आल्या की हत्ती सोंडेने फुंकून त्या पुन्हा वर लोटी, आणि आपापल्या बीच्या ओढीने मुंग्याही भिंतीतून वर परतत. मुलांनो, मोबाइलच्या बॅटरीत लिथियमचे कण अशीच ये-जा करतात. वापरताना खाली, चार्जिंगला लावली की वर. ते हे सगळं मुंग्यांकडूनच शिकले असं माझं म्हणणं आहे. बॅटरी उघडून खात्री करायला मात्र जाऊ नका.

पुढे रहाटाचा कारभार कोल्ह्याकडे गेला. त्याने डोणीचं पाणी गुपचूप आपल्या कलिंगडांच्या वाडीकडे वळवलं, आणि मग पाणी पुरेना. पूर्वी वरच्या घरात थोड्या मुंग्या कायम बसून असत, कारण त्या घराचे कागदासारखे पातळ मजले त्यांच्याच पाठीवर तोललेले होते. रहाट जास्त फिरावा म्हणून कोल्ह्याने त्यांनाही बियांसकट खाली उतरवलं. मजले खचले, खोल्या बुजल्या. म्हातारी तणतणत त्याच्याकडे गेली. वर-खाली करायला आम्ही कधी नाही म्हटलं नाही, पण राहतं घर मोडून काम कसं करायचं, असं तिने विचारलं. कोल्हा कलिंगडाची फोड खात होता.

"मुंगीबाई, दमायला तुम्ही उचलता तरी काय? बी तर आपली आपण गडगडते," तो बिया थुंकत म्हणाला.

बाकीच्या जनावरांना त्याने सांगितलं की मुंग्या हल्ली आळशी झाल्यात, पूर्वीसारख्या टिकत नाहीत. जनावरांनी माना डोलावल्या. म्हातारीला कोल्ह्यापेक्षा त्या मानांचाच जास्त राग आला. रोज पाणी प्यायला त्याच तर डोणीत वाकत होत्या.

मग कोल्ह्याला बिया वर चढेपर्यंतही धीर निघेना. हत्ती आपला बेताबेताने फुंकत असे. कोल्ह्याने त्याला कलिंगडं चारली आणि जोर लावायला सांगितलं. बिया सपासप वर आल्या, त्यांच्यामागे मुंग्या धावल्या, पण दार तेवढंच आणि खोल्या निम्म्या. "थांब रे हत्तीदादा, दारात रास होतेय," असं म्हातारी ओरडत राहिली. त्या वाऱ्यात तिचं ऐकतो कोण? आत न मावलेल्या मुंग्या एकीवर एक चढल्या, त्या राशीला सुळका फुटला, सुळका भिंतीत घुसला आणि भिंत फुटली. मग काय विचारता, साऱ्या बिया पन्हळ सोडून त्या भगदाडातून एकदम कोसळल्या. अशा घासल्या की ठिणग्या उडाल्या, गवत पेटलं, रहाट पेटला. मुंग्या जीव घेऊन पळाल्या, आणि कोल्हेसाहेब झऱ्यात बसून शेपटी विझवत राहिले.

सकाळी डोण कोरडी होती. आग मुंग्यांनीच लावली, असं कोल्ह्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं. या वेळी एकही मान डोलली नाही. तेव्हा तो आवाज खाली आणून म्हातारीला म्हणाला, "झालं गेलं विसरा, मुंगीबाई. मी रहाट नवा बसवतो, तुम्ही फक्त फेऱ्या सुरू करा."

म्हातारी आपल्या करपलेल्या बीवर बसली होती. "करते की," ती म्हणाली. "कुठून कुठे, तेवढं सांग. वरचं घर ढासळून खालच्यात आलं. बी गडगडायला उतार लागतो, कोल्होबा. तो तू खाऊन बसलास."

तात्पर्य : जो आपल्यासाठी रोज रिकामा होतो त्याला तळापर्यंत खरवडू नये, आणि पुन्हा भरायला त्याला त्याचा वेळ द्यावा; एवढंही जमत नसेल, तर निदान त्यालाच आळशी म्हणण्याचा निलाजरेपणा करू नये.