पाझराखालची घोंगडी

“पण बांध टिकेल की नाही, एवढंच सांगा ना बाबा!”

केरबा बांधावर बसलेल्या लतीफबाबा फकिराला विनवत होता.

ओढ्यावरचा हा मातीचा बांध गावानं केरबाच्या शब्दावर घातला होता. माती कुठली, रुंदी किती, सगळं त्यानंच ठरवलं. आता परतीच्या पावसानं तळं काठोकाठ भरलं होतं, आणि बांधाच्या पायथ्याशी पाणी पाझरत होतं.

“पाणी निवळ आहे का?” फकिरानं विचारलं.

“पहाटे निवळ होतं. आता… गढूळ येतंय.”

“म्हणजे आतली माती निघाली.”

“थोडीशीच. सांडवा फोडला तर तळं अर्धं रिकामं होईल बाबा. रब्बीचं पाणी आहे ते.”

“खालच्या वस्तीला काय सांगितलंस?”

केरबानं मान खाली घातली.

“निवांत राहा म्हणालो.”

बाबा उठले. खांद्यावरची घोंगडी घेऊन बांध उतरले. पाझर लागला होता तिथंच ती अंथरली आणि आडवे झाले.

“बाबा! इथं नका झोपू!”

“का रे?”

“…जमीन ओली आहे.”

“असू दे.” बाबांनी डोळे मिटले. “मी निवांत आहे.”

केरबानं त्यांचा हात धरून ओढला. म्हातारा हलेना. घोंगडीच्या कडेनं तांबूस पाणी पुढं सरकत होतं.

“उठा हो… पाया पडतो तुमच्या!”



केरबा वस्तीकडं पळत सुटला.

“बाहेर पडा! टेकाडावर चला!”

शेवंताबाई चुलीपुढून उठून दारात आली. “सकाळी तर म्हणालास, काही होत नाही!”

“सकाळी खोटं बोललो, काकी. चला!”

माणसं निघाली. म्हाताऱ्यांना पाठीवर घेतलं, गुरं सोडली. वस्ती रिकामी झाल्यावर केरबा धापा टाकत परत आला.

“कुणी राहिलं नाही, बाबा.”

बाबा उठले. भिजलेली घोंगडी त्यांनी पिळली.

मग केरबानं गडी जमवून सांडव्याचा उंबरा फोडला. पाणी गर्जत ओढ्यात उतरलं. वस्तीतल्या दोन पडव्या त्यानं नेल्या. दुपार कलली तसं तळं खाली गेलं, आणि पाझर मंदावला.

बांध उभा राहिला.

चार दिवसांनी केरबा बाबांच्या मठीत, तक्क्यावर आला. चेहरा उतरलेला.

“गाव बोलतंय बाबा. बांध फुटलाच नसता म्हणे. केरबा भ्याला, आणि पाणी घालवून बसला.”

बाबा चिलीम झाडत राहिले.

“खरं सांगा… भ्यालो का मी?”

“भ्यालास.”

केरबा उठायला लागला.

“पण फार उशिरा भ्यालास.”