गिळलेली शीळ

फार मागे, आपल्या पणजोबांच्या पणजोबांनाही ऐकूनच ठाऊक असेल अशा काळी, एका डोंगरात नऊ कोळसुंदे राहत होते. कोळसुंदे म्हणजे तांबूस रंगाचे रानकुत्रे. अंगाने बेताचेच, पण मिळून मागे लागले की सांबरालाही पळता भुई थोडी होई.

त्यांचा एक रिवाज होता. सावज दिसेल त्याने शीळ घालायची आणि ऐकेल त्याने असेल ते टाकून धावत यायचं. शिकारीवर पहिला हक्क पिल्लांचा, मग म्हाताऱ्यांचा. पिल्लू कोणाचं, हे कोणी विचारायचं नाही.

त्या वर्षी दोघी बहिणी एकाच बिळात व्याल्या. थोरलीची पिल्लं दोन, धाकटीची पाच. त्यात पाऊस पडला नाही. चितळं खाली नदीकडे निघून गेली आणि घास अपुरा पडू लागला. आपल्या दोघांच्या तोंडचं धाकटीची पाच जणं ओढून नेतात, एवढंच थोरलीला दिसे. आई होती ती. तिला नावं तरी कशी ठेवावीत?

एके सकाळी करवंदीच्या जाळीत तिला चितळाचं पाडस दिसलं. शीळ घशाशी आली होती, ती तिने गिळली. एकटीने पाडस मारलं, पोटभर खाल्लं आणि बिळाआड नेऊन आपल्या दोघांनाच ओकून भरवलं.

धाकटीने बहिणीच्या तोंडाला लागलेलं रक्त पाहिलं. दुसऱ्या दिवशी सावज दिसल्यावर तीही गप्प राहिली. मग कळपातला तिसरा, मग चौथा. महिन्याभरात डोंगरात शीळ ऐकू येईना. जो तो आपापला ससा मारी आणि लपून खाई. थोरलीने ओढ्यापलीकडे वेगळं बीळ केलं. कळपातल्या लंगड्या म्हातारीला कोणी काही आणून देईना. मरायला टेकली तेव्हा तिने थोरलीला बोलावलं.

"पाडस खाल्लंस त्याचा राग नाही, पोरी," ती म्हणाली. "पण आता तुझी शीळ ऐकून कोण उठणार?"

"मला कोणाची गरज नाही," थोरली म्हणाली.

आठच दिवसांनी, भर दुपारी, बिबट्या आला. थोरली बिळाच्या तोंडाशी उभी राहिली आणि जीव तोडून शीळ घालू लागली. सगळ्यांनी ती ऐकली. एकाच्या पुढ्यात अर्धा ससा होता. आपण गेलो तर दुसराच कोणी खाईल, असं त्याला वाटलं. दुसरा म्हणाला, मला काय त्याचं. धाकटी दोनदा उठली. पण आपली पाच पिल्लं कोणाच्या भरवशावर सोडायची? दोन्ही वेळा ती परत बसली. थोड्या वेळाने शीळ थांबली.

थोरली गेली, तिची दोन्ही पिल्लंही गेली. मला हे सांगायला आवडत नाही, पण झालं ते असं. चौथ्या दिवशी बिबट्या ओढा ओलांडून धाकटीच्या बिळाशी आला. नऊ कोळसुंद्यांसमोर उभं राहायची त्याची कधी छाती झाली नसती. एकटीसमोर त्याला घाईसुद्धा करावी लागली नाही.

लहानमोठ्या सगळ्यांनी ध्यानात ठेवावं ते इतकंच: घासासाठी ज्यांना दूर लोटलं, ते जिवावर बेतल्यावर धावून येत नाहीत.