‘जा’ म्हटलेल्या तीन बिया

एका राज्यात, दिवस कासराभर वर आला आणि देवडीवरचा चौघडा थांबला, नेमक्या त्या घटकेला राजकन्येने डोळे मिटले, ते काही केल्या उघडेनात.

झाले होते ते असे. राणी रेवंतीला पहिलीच लेक, कुमुदा, अजून अंगावर पिणारी. राणीचा कोणावर म्हणून विश्वास नाही. नवे अंगडे आले की शिवण उसवून बघायची, दाईची नखे रोज तपासायची. राजा थट्टेने म्हणाला, उद्या माझाही वास घेशील. राणी म्हणाली, सकाळीच घेतला.

त्या दिवशी पाळणा समुद्रकाठी सिंधुवेलीच्या मांडवाखाली होता. ही वेल राज्याहून जुनी, आणि तिला वाचा होती. तिच्या तीन बिया पिकून पाळण्यात पडल्या. एक होडीसारखी पोकळ, एक कापसाची म्हातारी, एक गोड गराची. तान्ह्या पोरीच्या अंगावर वरून काही पडते म्हणजे ते विषच, दुसरे काय असणार? राणीने तिन्ही झटकल्या. म्हणाली, "जा, पुन्हा तोंड दाखवू नका." होडी समुद्रात पडली, म्हातारी वाऱ्यावर गेली, गोड बी हरियाल पक्ष्याने गिळली.

तेव्हा वेल बोलली, "राणी, घरातून निघालेल्या लेकीला 'जा' म्हणत नाहीत, 'ये' म्हणतात. तू माझ्या तिघींची परतीची वाट मोडलीस. त्यांना माहेरी आण, तर तुझी लेक डोळे उघडेल. मी वाळले की तीही वाळेल."

एवढे बोलून वेल पानापानाने सुकू लागली.

राणीने सोन्याची खुरपी घेतली, वल्ह्याविना चालणारी नाव काढली. हरियाल वाट दाखवायला आला. तू कशाला, म्हणून राणीने विचारले. बी मीच गिळली होती, तो म्हणाला. राणीने त्याच्या पायाला दोरा बांधला, दुसरे टोक आपल्या मनगटाला. हरियाल म्हणाला, "बरे झाले राणीसाहेब, तुम्ही हरवणार नाही."

बिया दूरच्या तीन बेटांवर रुजल्या होत्या, आणि त्या बेटांवर काळ निराळा चालतो. इकडे दिवस मावळतो, तिकडे हजार वर्षे सरतात.

पहिल्या बेटावर होडीसारख्या बीची वेल झालीच नव्हती. वाळूत पसरलेले झुडूप होते, पाने जाड, मिठाने पांढुरकी. ही कोणी सोंग घेतलेली चेटकीण, राणीला वाटले. पण फुलाच्या तळाशी कुंकवाएवढा लाल ठिपका होता, सिंधुवेलीच्या फुलात असतो तसाच. राणीने पदर ओला करून तो घासला. पुसला गेला नाही.

तिने खुरपी घातली. झुडूप म्हणाले, "बाई, मी इथली झाले. उपटलीस तर मढे नेशील माहेरी." राणी मनात म्हणाली, सगळ्या लबाड असेच बोलतात. तिने जोर केला, मूळ तुटले, पांढरा चीक वाहिला. तशी राणीच्या छातीला पान्हा फुटला, आणि प्यायला तर कोणी जवळ नव्हते. खुरपी तिच्या हातून गळाली. ओल्या मातीने तिने ते मूळ झाकले.

झुडपाने एक बी तिच्या ओटीत टाकली. "मला येता येत नाही. लेकीला आजोळी धाडते." राणी निघाली. ओठांवर आले होते 'जाते', म्हणाली, "येते."

दुसऱ्या बेटावर म्हातारीचा उंच वृक्ष झाला होता. तिथे चरणारे जनावर नाही, म्हणून त्याने काटे टाकून दिले होते. राणीने ठिपका घासला, पण हळूच, आणि त्याचीही बी ओटीत घेतली. तिसऱ्या बेटावर, डोंगरमाथ्याच्या वाऱ्यात, गोड बीचे बोटभर रोपटे खडकाला बिलगून होते. तिथे मधमाशी नाही. फुले खाली वाकलेली, आणि बाकदार चोचीचा पक्षी त्यांतला मध पीत होता. इथे राणीने पदर भिजवलाच नाही. बी ओटीत घेतली, "येते" म्हणाली आणि हरियालाच्या पायाचा दोरा सोडला. तो उडून गेला नाही.

परतली तेव्हा वेलीला एकच पान उरले होते. पाळण्यातल्या पोरीचे ओठ सुकलेले. राणीने ओटी पसरली.

वेल म्हणाली, "या माझ्या लेकी नव्हेत. एकीचाही चेहरा माझ्यासारखा नाही. बियांवर ठिपकाही नाही. कशावरून मानू?"

जन्मभर हाच प्रश्न राणीने दुसऱ्यांना विचारला होता. मग हात जोडून म्हणाली, "पुरावा नाही माझ्यापाशी. त्या तुझ्या नाती आहेत. वेगळ्या मातीत वाढल्या, वेगळ्या वाऱ्यात, म्हणून वेगळ्या दिसतात. माझ्या शब्दावर घे."

वेलीचे ते एक पान थरथरले. ते हिरवे होईपर्यंत राणीने श्वास घेतला नाही.

"या ग पोरींनो," वेल म्हणाली.

बिया रुजल्या. झुडूप, वृक्ष, रोपटे, तिन्ही तिथेच उभी राहिली, तिघींच्या फुलांत तोच ठिपका. कुमुदाने डोळे उघडले आणि भुकेने टाहो फोडला. राणीने तिला पदराखाली घेतले. चौघडा पुन्हा वाजू लागला. दाईची नखे त्या दिवसापासून कोणी तपासली नाहीत.

ऐकणारांनो, घरातून कोणी निघाले, लेक असो, पाखरू असो की वाऱ्यावरची म्हातारी, तर 'ये' म्हणा. आणि ही गोष्ट शेजारणीलाही सांगा, तिच्या लेकीला सांगा.