खंडूची आत्या

"माई, गेलेल्या माणसाचे उपकार फेडता येतात?"

चपला काढता काढताच शरयूबाईंनी विचारलं.

माई मठाच्या ओसरीवर मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही. परात तेवढी पुढं सरकवली.

"बस. सोलता सोलता बोल."

शरयूबाई बसल्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई; गावात त्यांना असं कामाला लावायची कुणाची छाती नव्हती. माईंचं मात्र ऐकावं लागे.

सकाळ रोजच्यासारखीच उजाडली होती. दूध उतू गेलं होतं आणि त्या ओटा पुसत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. चंपूताई गेल्या. रात्री पोटभर जेवल्या, नातवंडांना सवयीनं चार शिव्या दिल्या, झोपल्या... त्या उठल्याच नाहीत.

"सोनं झालं," माई म्हणाल्या. "तुझी कोण?"

"शेजारीण. कासारगल्लीत राहायचो तेव्हाची. माई, शाळेत त्यांच्या नावाचा हॉल बांधणार आहे. संगमरवरी पाटी, सोनेरी अक्षरं. तुमचा आशीर्वाद हवा. एकदाचं मोकळं व्हायचंय मला. कुणाचं काही ठेवून घेणाऱ्यातली मी नव्हे."

"असं काय केलं होतं तिनं?"

शरयूबाईंनी एक वाल सोलून परातीत टाकला. मग सांगू लागल्या.

दिनकररावांशी लग्न केलं तेव्हा दोन्ही घरांनी दारं लावून घेतली. कासारगल्लीत एक खोली भाड्यानं मिळाली. पुढं दिवस गेले, तेव्हा बाळंतपणाला ना माहेर, ना सासर. पण गल्ली होती. समोरच्या सुतारणीनं पाळणा आणून टांगला. कोपऱ्यावरच्या भोसलेवहिनी रोज गरम पेज पाठवत. आणि चंपूताई आधी बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालत, शेगडीचा शेक देत, मगच बांगड्यांची टोपली उचलून धंद्याला निघत.

"एकदा मी म्हटलं, ताई, कशाला एवढं? तर म्हणाल्या, 'गप पड गं! बाळंतिणीला अक्कल नसते.'"

माई खुदकन हसल्या. "आणि बारसं?"

शरयूबाईंचे हात थांबले.

"बारशाला आत्या हवी. यांची बहीण आलीच नाही. पाळण्याभोवती सगळ्या बायका जमलेल्या, आणि सगळ्या गप्प... तेवढ्यात चंपूताईंनी पदर खोचला. 'तोंडं काय बघताय एकमेकींची? दिनकर माझा भाऊ. मी आत्या!' त्या पाळण्यात वाकल्या मात्र, आणि बायकांनी त्यांच्या पाठीत असे धपाटे घातले..."

"आत्याला घालायचेच असतात."

"अहो, पण बांगड्या भरताना त्यांनी सगळ्या गल्लीचे हात चेपलेले! सगळ्यांनी तो वचपा काढला. त्या ओरडतायत, 'भवान्यांनो, नाव सांगू द्या, मणका मोडाल माझा!' आणि त्या गोंधळात आम्ही ठरवलेलं नावच विसरल्या. अनिरुद्ध ठरलं होतं. त्यांनी कानात सांगितलं... खंडू."

"मग?"

"मग काय? कानात पडलं ते नाव. आज माझा मुलगा विमान चालवतो. विमानात सांगतात, 'आपले वैमानिक आहेत कॅप्टन खंडू टिपणीस.'"

"लोक हसत असतील."

"हसू देत!"

माई इतक्या हसल्या की त्यांना डोळे पुसावे लागले. मग त्या पुन्हा वाल सोलू लागल्या. वालाची सालं तेवढी टपटप पडत राहिली.

"तू किती धपाटे घातलेस तिला?"

"मी? मी कशी घालणार? मी बाळंतीण, पाटावर बसलेली."

"म्हणजे घातले नाहीस. कधी खाल्लेही नसशील."

"मी कशाला खाईन?"

"वळ."

"अं?"

"तोंड तिकडं कर."

शरयूबाई वळल्या. ज्यांच्यापुढं वर्गच्या वर्ग चिडीचूप बसत, त्या बाई निमूटपणे वळल्या.

माईंनी ओल्या हातानं त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. चांगला सणसणीत.

"माई! अहो..."

दुसरा घातला.

शरयूबाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. मांडीवरचे वाल ओसरीभर उडाले. त्या काही बोलायला गेल्या, पण तोंडून हसूच फुटलं. एकदा सुटलं ते आवरेना. पोट धरून हसल्या, हसता हसता डोळे भरून आले, तरी हसतच राहिल्या.

खूप वेळानं त्यांनी चष्मा पुसला. पाठीवरची ओली जागा अजून गार लागत होती.

"तुझ्या शेजारी हल्ली कोण राहतं गं?" माईंनी विचारलं.

"मागच्या गॅरेजवरच्या खोलीत एक नवं जोडपं आलंय. लांबचं आहे कुठलं तरी. त्यांच्याकडे येणारं-जाणारं कुणी दिसत नाही. माझा काही संबंध येत नाही."

"हं..."

"माई, मग पाटीचं काय करू? केवढी करायला सांगू?"

माई खाली वाकून सांडलेले वाल वेचू लागल्या.

"त्या खोलीतला मुलगा काल इथं आला होता. मुलगी झालीय त्यांना," त्या म्हणाल्या. "तिच्या कानात अजून कुणी नाव सांगितलेलं नाही."